बेडकांना चड्ड्या शिवणारे फादर

मी गुरांचा डॉक्टर. गिरीज गावच्या वाड्यांमध्ये आता गुरं मोजकीच उरलीत, त्यामुळे फोनवरच्या आवाजावरून कोणाची गाय ते कळतं. गेल्या वर्षी तिथल्या एका ख्रिस्ती मावशींची गाय माजावर आली, म्हणून कृत्रिम रेतनासाठी वळूच्या रेताची गोठवलेली कांडी घेऊन सकाळीच गेलो. मावशींनी गाय धरली, सुनेने कोमट पाणी आणलं.

सुनेच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी असाच कृत्रिम गर्भधारणेचा उपचार सुचवला होता, नवराही तयार होता. अडून बसल्या होत्या त्या मावशी, आणि त्यांचं मन मोडून ही दोघं काही करणारी नव्हती. मी कांडी पाण्यात सोडली, तशा त्या सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “जनावराचं ठीक आहे, डॉक्टर. माणसाने देवाच्या कामात हात घालू नये.”

मला राग आला. राग आला की मी इतिहास सांगत सुटतो, घरचे वैतागतात.

“मावशी, हे काम आधी कोणी करून दाखवलं, माहीत आहे? इटलीतल्या एका फादरनी. अडीचशे वर्षं होत आली.”

गायीच्या मानेवर फिरणारा त्यांचा हात थांबला.

मग सांगितलंच सगळं. फादरनी नर बेडकांना मेणकापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या. माद्यांनी अंडी घातली, पण नराचं रेत न पोचल्याने ती वाया गेली. चड्डीतले थेंब दुसऱ्या अंड्यांना लावले, तर बेडूकमासे निघाले. सून खुदकन हसली, मावशी नाही. पुढे एका कुत्रीला खोलीत कोंडून ऊबदार पिचकारीने कुत्र्याचं रेत आत सोडलं आणि दोनेक महिन्यांनी ती व्याली. एवढं करूनही पिल्लं कशामुळे झाली याचं कारण फादरनी चुकीचंच मांडलं, ते मात्र मी गाळलं. माझीच बाजू लंगडी पडली असती.

“चर्चमध्ये मिस्सा म्हणायचे ते फादर?” मावशींनी विचारलं.

“म्हणायचे.”

माझं काम झालं, हात धुतले. उगाच तोंड घातलं दुसऱ्याच्या घरात, असं वाटून मला वाईट वाटत होतं. स्कूटर चालू केली, तेवढ्यात मावशी कुंपणाच्या झाप्यापर्यंत आल्या.

“डॉक्टर, त्या कुत्रीला पिल्लं किती झाली?”

“तीन.”

त्यांनी मागे वळून पाहिलं. सून गायीला चारा टाकत होती. मावशी मघासारख्याच, तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आम्हाला एक पुरे.”