टायरवर आला

आमच्या कुंदनला लोक वेगाचा माणूस समजतात. टीव्हीवर मोटरसायकलच्या शर्यती लागल्या की मराठीत घसा फोडून जो बोलत असतो, तो हाच. प्रत्यक्षात हा सीवूड्सहून वाशीला स्कूटर अशी नेतो, की मागे बसून माझी एक डुलकी होते. लोकांना वाटतं तो ट्रॅकवर उभा आहे. असतो मात्र महापेच्या एका बंद खोलीत, पडद्यांसमोर, कानाला हेडफोन लावून. मी त्याची बायको, सोनल. दोघंही करावे गावचे आणि एकाच शाळेतले, म्हणून घरात मी त्याला अरेतुरे करते. चारचौघांत तेवढं 'अहो' म्हणते.

माझे सासरे गोटीराम खाडीत जाळी टाकायचे. मुलाला चिखलात पाय घालायचा कंटाळा. तो गावच्या टेनिस क्रिकेटच्या सामन्यांत माइक धरून बसायचा. "तोंड चालवून कुनाचा पोट भरलाय?" सासरे विचारायचे. पोट भरलं. सामने बघायला आलेल्या एका चॅनलवाल्याने त्याचा आवाज ऐकला आणि त्याला घेऊन गेला.

पहिल्याच वर्षी त्याला एक नियम सांगितला गेला. कुणी पडलं, की डॉक्टरचा निरोप येईपर्यंत त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याच्या घरचे टीव्हीसमोर बसलेले असतात, त्यांना आधी फोन जायला हवा. तोवर दुसरं काहीतरी बोलायचं. कॅमेरा पुढच्या गाड्यांवर ठेवतात, पण कुंदनच्या बाजूच्या पडद्यावर सगळं दिसत असतं. ते बघत बघत तो टायरबद्दल बोलतो. रबर, हवा, उष्णता, पाहिजे तेवढा वेळ.

बघणाऱ्यांना कळत नाही. घरात पहिल्यांदा ओळखलं ते सासूबाईंनी. मासे साफ करता करता मान वर करून म्हणाल्या, "टायरवं आला ह्यो. कोन परला गो?" खरंच एक जण पडला होता. तेव्हापासून आमच्या घरात टायर हा शब्द ऐकला की घास खाली उतरत नाही.

आणि आमची लेक प्रिया नेमकी शर्यतीच्या गाडीवर बसली. बापाने समजावलं, मी भांडले, काही उपयोग झाला नाही. तामिळनाडूत तिची पहिली मोठी शर्यत होती. मी म्हटलं, "आज दुसऱ्याला बोलू दे." कुंदन म्हणाला, "दुसरा बोलला तं मना नुसता तुमच्यावानी टीवी दिसंल. तिकरं सगला दिसतो."

शर्यत सुरू झाली. पडद्यावर पहिल्या पाच जणींचीच नावं. प्रिया सहावी. सासूबाई गावदेवीला हात जोडून बसलेल्या. कुंदन छान रंगात आला होता, आणि मधेच म्हणाला, "आता जरा टायरकडे वळू या."

मी ताडकन उठले.

मी कुंदनला फोन लावला, तो बंद. प्रियाचा वाजत राहिला. टीव्हीत कुंदन शांतपणे सांगत होता, की टायर तापल्याशिवाय पकड येत नाही. मला तो टीव्ही फोडावासा वाटला. अरे, तुझी पोरगी आहे ती, नाव तरी घे तिचं! कॅमेरा पहिल्या दोघींना सोडेना. मी देवीला काय काय कबूल केलं ते मला आठवतही नाही.

मग सरळ रस्त्यावर गाड्या आल्या. तिसरी, चौथी, पाचवी, आणि मागोमाग प्रियाचं लाल हेल्मेट. मी इतकी ओरडले की शेजारची पुतळामावशी धावत आली. मी तिला मिठी मारली, हसले, रडले.

सासूबाईंनी जोडलेले हात सोडले नव्हते. "हलू बोला," त्या म्हणाल्या. "त्याचा टायर आजून चालूच हाय."

मी पुतळामावशीला सोडलं.

"जी परली, तिचे आयशीला कुठं ठाव हाय," त्या म्हणाल्या. "ती बसली आसंल टायर ऐकत."

संध्याकाळी कुंदन घरी आला. पडलेल्या मुलीचा पाय मोडला होता, पण ती शुद्धीवर होती, आईशी फोनवर बोलली होती. प्रियाचाही फोन येऊन गेला होता. तरी हा पाण्याचा तांब्या हातात धरून नुसता बसला.

"तिचा पन हेल्मेट लाल होता," तो म्हणाला. "धुलीत परलेली. मना वाटला, आपलीच हाय."

म्हणजे प्रियाचं लाल हेल्मेट पुढून जाईपर्यंत तो आपल्याच पोरीवर टायर बोलत होता. मी दिवसभर त्याच्यासाठी साठवलेल्या शिव्या विसरून गेले.

"सोनल, मी काय बोललू गो? मना कायच आठवत नाय. उलटसुलट तं नाय बोललू?"

"टायर तापल्याबिगर पकर येत नाय, आसा बोललास."

"बराबर हाय," तो म्हणाला, आणि तांब्या खाली ठेवून हमसून हमसून रडायला लागला.