निघालेल्यामागचा केर

हा अनुभव मी या सदराकडे पाठवते आहे, पण लिहिला आहे माझ्या दोन नातवंडांसाठी. ती पर्थला असतात. मुक्तानं मागे एकदा सांगितलं होतं, की मराठी विसरू नये म्हणून ती असले अनुभव मोबाइलवर शोधून शोधून वाचते. मराठी भुतांमुळे टिकणार असेल तर टिको. थेट तिलाच पाठवलं असतं, पण मुलांचे मेसेज आधी त्यांचा बाप बघतो... म्हणून हा वळसा.

मुक्ता, ईशान — तुमची आजी असल्या गोष्टींना धूप घालणारी बाई नाही. मुरूम गावच्या कॉलेजात मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. मांजर आडवं गेलं म्हणून कधी थांबले नाही. अमावास्येला नवी साडी नेसले. तुमच्या आजोबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना आणि सगळे ताटकळले, तेव्हा मीच म्हटलं — ऊन चढलंय, लोकांना जेवू द्या. तेव्हा पुढचं वाचून आजीला म्हातारचळ लागला असं समजू नका. घडलं तसं सांगते.

आपलं घर मुरूमच्या अडत बाजाराच्या पाठीमागे. तुरीचा हंगाम आला की तिथं चाळण्या सुरू होतात आणि सगळा भुसा आपल्या ओट्यावर येतो. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहावं इतकी धूळ. मला दमा. डॉक्टरांनी झाडू बंद सांगितला, तेव्हा आजोबांनी व्हॅक्यूम क्लीनर आणला — लाल, घागरीएवढा.

माझी एक सवय होती. पाहुणा दाराबाहेर पडला की त्याची खोली लगेच आवरायची. चादर, अभ्रे भिजत घालायचे, गादीवर आणि पलंगाखाली मशीन फिरवायचं. त्याची रिक्षा कोपऱ्यावर वळायच्या आत खोली स्वच्छ. आजोबा म्हणायचे, "अगं, हाकलल्यासारखं दिसतं ते." मी म्हणायची, "कोणाला दिसतं? तो तर गेला."

आजोबा होते तोवर मशीन कधी कुरकुरलं नाही.

ते गेल्यानंतरच्या येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतातल्या सणाला, कुसुम आत्या तुळजापूरहून राहायला आल्या. कुसुम आत्या म्हणजे आजोबांची धाकटी बहीण; मी त्यांना वन्सं म्हणते. शेतात जाऊन भज्जी, आंबील झाली, दोन दिवस राहिल्या आणि नळदुर्गच्या एसटीनं निघाल्या. मी नेहमीसारखं मशीन लावलं. घशात घास अडकावा तसा आवाज करून ते बंद पडलं. वायर बघितली, पिशवी झटकली... काही नाही. संध्याकाळी बसवराज इलेक्ट्रिशियन आला, त्यानं बटण दाबलं आणि ते सुरू.

"बाई, काही झालेलं न्हाय याला," तो म्हणाला आणि त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी एकटी पडले म्हणून त्याला गप्पा मारायला बोलावलं.

मग माझी भाची येऊन गेली, तेव्हा तेच. आजोबांचे एक जुने विद्यार्थी जेवून गेले, तेव्हाही तेच. मी ठरवलं, मशीन म्हातारं झालं, नवीन घ्यायचं.

तेव्हा प्रसाद, म्हणजे तुमचा बाबा, दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. एरवी "जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का" एवढ्यावर संपायचं. पण व्हॅक्यूम क्लीनर म्हटल्यावर तो खुलला. किती वॅटचा, फिल्टर कुठला, पिशवीचा की बिनपिशवीचा — सगळं वाचून काढलं त्यानं.

"आई, रोबो घे. आपोआप फिरतो. मी इथून चालू करत जाईन."

"तू पर्थला बसून मुरूमचा केर काढणार?"

"मग! काय हरकत आहे?"

"आपल्या घराला उंबरे आहेत रे. चढेल का तो?"

"उंबरे काढून टाकू."

वन्सं तेव्हा पुन्हा आल्या होत्या. त्या मागून म्हणाल्या, "प्रसाद, उंबरे काढायला तरी तुला यावं लागंल की बाबा." तो हसला. त्या दिवशी तो माझ्याशी जितका वेळ बोलला, तितका नंतर कधी बोलला नाही. विषय केराचा होता... पण चालायचं.

शेवटी पिशवीवालाच घ्यायचा ठरला. बिनपिशवीच्यातली धूळ ओतायला गेलं की पुन्हा आपल्याच नाकात, हे वन्संचं म्हणणं मला पटलं. उमरग्याच्या एका दुकानातून शिंदे नावाचे सेल्समन डेमोला आले. गळ्यात टाय, पायात चप्पल. त्यांनी पाइपच्या तोंडाला पांढरा रुमाल लावला, माझ्या गादीवरून फिरवला आणि काळा झालेला रुमाल आमच्यासमोर धरला.

"मॅडम, याच्यावर तुमी झोपता."

"झोपतो," वन्सं म्हणाल्या, "खात न्हाई."

मी त्यांना चहा दिला. मशीन आवडलं, ठेवून घेतलं. शिंदे मोटारसायकलवर गेले आणि त्यांनी डेमोसाठी सांडलेली पावडर उचलायला मी मशीन लावलं. बंद. त्यांना फोन केला, ते येणेगूरपर्यंत जाऊन परत आले. बटण दाबलं — सुरू. ते पुन्हा निघाले — बंद. पुन्हा बोलावलं. आता त्यांच्या कपाळावर घाम.

"मॅडम, मी असलो की चालतंय, गेलो की बंद. मशीनला माझा लळा लागला म्हणायचा." त्यांनी ते परत नेलं आणि दुसऱ्याच कंपनीचं मशीन आणून ठेवलं. चहा घेतला, निघाले. तेही बंद पडलं. दोष कुठल्याच कंपनीचा नाही, म्हणून नावं लिहीत नाही.

मी चिडून बसले होते. वन्सं वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वहिनी, थोडं थांबा. मग शिंद्याला फोन लावा अन् कुठं हाय ते इचारा."

काही वेळानं लावला. शिंदे म्हणाले, "आत्ताच दुकानात टेकलो मॅडम. का, पुन्हा बंद?"

"आता दाबा बटण," वन्सं म्हणाल्या.

मशीन सुरू झालं. छान, एकसुरी, काही घडलंच नाही असं.

"आपल्यात माणूस दारातनं निघालं की मागं लगेच केर काढत न्हाईत," वन्सं म्हणाल्या. "ते पोचल्याचं कळलं, की मग झाडायचं. निघाल्या-निघाल्या झाडतात ते फकस्त मयताच्या मागं. एवढं इंग्रजी शिकलाव, हे कुणी सांगितलं न्हाई?"

"आईनं सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं."

"मग आता मशीनचं ऐका. सोवळ्यातलं दिसतंय."

मी हसले आणि मग शहाण्या माणसासारखं तपासायला घेतलं. दुसऱ्या खोलीतला प्लग लावून पाहिला. इन्व्हर्टरवर चालवून पाहिलं. बसवराजकडून अर्थिंग तपासून घेतलं, चोख निघालं. शेजारी पाहुणे आले होते, ते निघाल्यावर मशीन उचलून त्यांच्याकडे नेलं — तिथं बिनतक्रार चाललं. म्हणजे गोष्ट आपल्या घरापुरती होती. दूधवाल्यामागं, पेपरवाल्यामागं ते बंद पडत नसे. ज्याला बसवून मी चहा दिला, त्याच्यामागं बंद पडे. कॉलेजातले फिजिक्सचे एक जुने सहकारी म्हणाले, "मॅडम, योगायोग. बंद पडल्याचं तुमच्या लक्षात राहतं, चालल्याचं राहत नाही." त्यांचं बरोबर असेल. ते चहा पिऊन निघाले आणि मशीन बंद पडलं.

हळूहळू मला त्याची सवय झाली. खरं सांगायचं तर आवडायला लागलं. वन्सं तुळजापूरला निघाल्या की मी मधूनमधून बटण दाबून बघायची. सुरू झालं, की पाठोपाठ फोन येई — "पोचले हो." एकट्या बाईला तेवढी सोबत पुष्कळ असते.

मग वन्सं इकडे राहायला आल्या असताना प्रसाद आला. एकटाच. तुमची परीक्षा होती म्हणे.

त्यानं पुण्याजवळ एक जागा ठरवून ठेवली होती — फक्त म्हाताऱ्या माणसांची सोसायटी. नर्स, लिफ्ट, बाथरूममध्ये घंटा. मोबाइलवर फोटो दाखवत होता. हिरवळीवर म्हातारी माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.

"आई, इथं तुला काही झालं तर मला कळायलाच दोन दिवस जातील."

"तिथं लगेच कळेल. पण तुला यायला दोन दिवस लागतीलच."

"हे असं बोलतेस तू. मी काय करायचं सांग. नोकरी सोडून मुरूमला येऊन बसू?"

"मी कुठं म्हटलं? अधूनमधून ये म्हणते."

"हे घर कशाला ठेवायचं आता? कोण येणार आहे इथं?"

"तू येतोस की."

वन्सं ताटं घ्यायला उठल्या. मला वाटलं तो म्हणेल, येईन ना आई. तो म्हणाला, "दर वेळी मलाच गुन्हेगार ठरवायचं असेल तर तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादच्या विमानतळाला जायला त्याची गाडी आली. त्यानं नमस्कार केला — वाकला आणि हात पायापर्यंत पोचायच्या आत उठला. मी तळहातावर दही घातलं, ते त्यानं चाटल्यासारखं करून रुमालाला पुसलं. मागच्या सीटवर बसून लगेच मोबाइल काढला. गाडी वळली, तेव्हा तो मान खाली घालून काहीतरी टाइप करत होता.

मी आत आले आणि मशीन काढलं. मला खोली साफ करायची नव्हती. मला ते बंद पडलेलं हवं होतं. तो पोचेपर्यंत ते मुकाट पडून राहणार आणि तोवर तो माझा, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. निबंधात असलं वाक्य कुणी लिहिलं असतं, तर मी लाल शाईनं खोडलं असतं.

बटण दाबलं. मशीन सुरू झालं.

अडकलं नाही, कुरकुरलं नाही. त्यानं पलंगाखालून बिस्किटाचे कण ओढले, त्याचे केस ओढले, विमानाच्या बॅगेला लावलेल्या चिठ्ठीचा तुकडा ओढला. वन्सं देवापुढून ओल्या हातांनी दारात आल्या.

"वहिनी, बंद करा."

मला बटण सापडेना.

"बंद करा म्हणते ना ते." त्यांनी स्वतःच भिंतीतली पिन उपटली.

मी फोन लावला. कव्हरेज नव्हतं. पुन्हा लावला. वन्सं माझ्याशेजारी उभ्या होत्या आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. मला रस्ता दिसत होता, ट्रक दिसत होता, पुढचं सगळं दिसत होतं. किती वेळानं लागला कोण जाणे.

"आई, आत्ता कुठं जहिराबाद आलं. काय झालं?"

"काही नाही."

"मग फोन कशाला?"

"ड्रायव्हरला हळू चालवायला सांग."

"बरं," म्हणून त्यानं ठेवला.

तो सुखरूप पोचला. हैदराबादला, मग पर्थला. वन्संनी देवीची ओटी भरली. मी म्हटलं, "बघा, चुकलं की नाही तुमचं सोवळ्यातलं?" त्या वाती वळत राहिल्या. मला वाटलं मशीनमधली जी काही खोट होती, ती आता गेली. पण चार दिवसांनी वन्सं तुळजापूरला निघाल्या आणि ते त्यांच्यामागं बंद पडलं, त्या पोचेपर्यंत.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. तो पुन्हा आला नाही. रविवारचा कॉल महिन्यावर गेला, मग सणांवर. आता दिवाळीला दिव्याचं चित्र येतं. तेच चित्र वन्संनाही येतं आणि शिंद्यांसारखा कुणी त्याच्या फोनमध्ये असेल तर त्यालाही जात असेल. वन्संचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी कळवलं. "काळजी घ्या" असं उत्तर आलं, खाली हात जोडलेले. तो खुशाल आहे. नवीन घर घेतलंय, फोटोत बागेत उभा आहे. त्याला काहीही झालेलं नाही.

मागच्या महिन्यात शेजारी नवीन भाडेकरू आले. त्या बाईनं सहज विचारलं, "काकू, मुलं किती?" मी म्हटलं, "एक मुलगा होता." त्या बिचारीनं माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही आणि चूकही दुरुस्त केली नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तारा, पंखे आणि कागदी पिशवी यांना माणसातलं काय कळणार? बसवराज व्होल्टेज म्हणतो, फिजिक्सचे सर योगायोग म्हणतात, वन्सं काहीच म्हणत नाहीत. मशीन अजून तेच आहे आणि तसंच वागतं. एवढ्या वर्षांत ते एकदाच लगेच सुरू झालं.

मुक्ता, ईशान, तुम्ही त्या गाडीत नव्हता. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगते. इथं राहायला या असं मी म्हणत नाही. तुमची शाळा आहे, मित्र आहेत, तिकडे समुद्र आहे. एकदा या. चार दिवस धूळ खा, माझ्या हातचं खा, कंटाळा आला की जा. तुम्ही दारातून निघालात की मी आत येऊन मशीन लावीन. ते बंद पडलेलं मला ऐकायचं आहे.