जेवणाआधीच्या प्रार्थनेतली पिंकी

आधीच सांगते... मी ख्रिस्ती घरातली, त्यात शाळेत गणित शिकवणारी. करणी, भानामती, अंगात येणं यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. चर्चमध्ये कुणी उठून "मला स्वप्नात दिसलं" अशी साक्ष द्यायला लागलं की मी छताचे पत्रे बघत बसायची. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर माझा राग नाही. मीही हसलेच असते — पण गोष्ट माझ्या वडिलांची आहे.

आम्ही जालन्याचे. बाबा मलेरिया खात्यात होते. घरोघर फिरायचं, ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं. नोकरी परतूर तालुक्यात आष्टीला, घर आणि चर्च जालन्यात. सोमवारी पहाटेच्या पॅसेंजरने जायचे, शनिवारी संध्याकाळी यायचे. आठवडाभर लोकांच्या बोटांना टोचणारा हा माणूस शनिवारी आम्हा भावंडांना ओळीने बसवून आमची नखं कापायचा. रविवारी आईच्या आंघोळीचं पाणी तापवून द्यायचा आणि सगळ्यांच्या आधी चर्चला जाऊन सतरंज्या अंथरायचा. इतका सरळ माणूस की खिशातले सुटे पैसेसुद्धा आईपासून लपवता यायचे नाहीत.

जेवायला बसलं की बाबा आशीर्वाद मागायचे. ही प्रार्थना आमच्याकडे सगळ्यांच्याच घरी होते, पण बाबांची लांबलचक. घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचे, तेही ठरलेल्या क्रमाने. आधी आई, मग सुरेशदादा, मग मी विजया, मग धाकटा अनिल. भात निवून जायचा... अनिल एक डोळा उघडून पापड मोडायचा. सुरेशदादा आयटीआय सोडून ट्रकवर गेला म्हणून बाबांशी भांडण झालं आणि तो घर सोडून गेला, तरी त्याचा नंबर बाबांनी कधी चुकवला नाही. "सुरेशला, जिथं असेल तिथं सांभाळ." दादाची ना चिठ्ठी, ना निरोप. आई त्या वाक्याला पदर तोंडाशी धरायची.

१९९२ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझा साखरपुडा होता. औरंगाबादची माणसं आलेली, पंगत बसलेली. चर्चच्या पाळकसाहेबांनी बाबांनाच प्रार्थना करायला सांगितली. बाबांनी डोळे मिटले, आईचं नाव घेतलं, "सुरेशला सांभाळ" म्हणाले, आणि पुढे अगदी सहज — "पिंकीला सांभाळ." मग मी, मग अनिल, आमेन.

होणाऱ्या सासूबाईंनी गोड आवाजात विचारलं, "पिंकी कोण हो? घरात तर कुणी दिसली नाही."

बाबा गोंधळले. "कोन पिंकी?" म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

पाहुणे गेल्यावर आम्ही भरपूर चिडवलं. गल्लीत दोन पिंक्या होत्या, त्यातली एक कुत्री. "माझ्याच साखरपुड्यात माझ्याआधी कुत्रीचा नंबर का?" मी म्हणाले. बाबाही हसले. पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही... आता मात्र आपण नाव घेतोय हे बाबांना कळत होतं. विचारलं की म्हणायचे, "तोंडात येऊन राह्यलं. काहून येतं, ते मला न्हाई माहीत. येतं म्हणून घेतो."

आई हसली नव्हती. नवरा आठवड्यातले सहा दिवस दुसऱ्या गावी राहतो आणि देवासमोर भलत्याच पोरीचं नाव घेतो... बाईच्या मनात जे यायचं ते आलं. एक दिवस अनिलला घेऊन ती न सांगता आष्टीला गेली. बाबा फिरतीवर होते, खोलीला नुसती कडी. बाबांच्या खोलीत एक स्टोव्ह, एक ट्रंक आणि भिंतीवर आमचा सगळ्यांचा फोटो — दादासकट. दुसरं काही नाही. आईचा जीव भांड्यात पडला असता. पण शेजारची म्हातारी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "तुमची पिंकी आता कशी हाय बाई? साहेब जेवताना रोज तिचं नाव घेत्यात. लई जीव हाय पोरीवर."

त्या शनिवारी आईने बाबांना पाणीसुद्धा विचारलं नाही. आम्ही पलीकडच्या खोलीत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"आष्टीला कोन हाय, ते सांगा मला."

"कोनीच न्हाई, मंगल. बिलकुल कोनी न्हाई."

"मंग हे नाव माझ्या ताटासमोर घ्यायचं न्हाई. शपथ घ्या."

"शपथ कशाला? तू म्हणतीस, तर न्हाई घेत."

आणि बाबांनी शब्द पाळला. फक्त दादाच्या नावानंतर ते थांबायला लागले. श्वास घ्यायला थांबावं इतकंच. मग माझं नाव. आईला ते थांबणंही कळायचं. तिची मान आणखी खाली जायची. वर्षानुवर्षं ते दोघं त्या एका श्वासाच्या दोन बाजूंना बसून जेवले. आता लिहितानाही मला वाईट वाटतं.

१९९७ च्या उन्हाळ्यात बाबांचं हृदय दुबळं झालं. दवाखान्यात आईने त्यांचा हात धरून विचारलं, "आता तरी सांगा. मी काही म्हणनार न्हाई." बाबा म्हणाले, "सांगायला काही असतं, तर सांगितलं नसतं का तुला?" आईने हात सोडला आणि खिडकीकडे तोंड केलं. बाबा दुसऱ्या दिवशी गेले. मातीला अख्खं चर्च आलं होतं. जो तो म्हणाला, असा कुटुंबवत्सल माणूस होणे नाही. आईने पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला.

दोन वर्षांनी, एका रविवारी दुपारी दादा दारात उभा. केस पिकलेले. जालन्यातल्या स्टीलच्या कारखान्यात भंगार टाकायला आलेल्या एका ड्रायव्हरकडून त्याला बाबा गेल्याचं कळलं होतं, तेही उशिरा. सोबत बायको आणि तिच्या मागे लपलेली एक मुलगी. रडारड झाली, मग ताटं मांडली. सुट्टी होती म्हणून मीही माहेरीच होते. आईने मुलीला जवळ ओढून नाव विचारलं.

"शाळेत प्रियंका," दादा म्हणाला. "घरी पिंकी म्हणतो."

आईचा हात तिच्या डोक्यावर तसाच राहिला. तिने विचारलं, "कधीची?"

दादाने बोटांवर हिशेब केला. "ब्याण्णवची. दिवाळीच्या टायमाला झाली, सुरतेला." माझा साखरपुडा त्याच दिवाळीतला.

मग मी दादाला बाजूला घेऊन अक्षरशः उलटतपासणी केली. बाबांना भेटला होतास का? कुणाजवळ निरोप दिलास? त्याने पिंकीला हाक मारून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथेवर सांगितलं, "विजू, लाजेपायी मी जालन्याच्या रस्त्याची ट्रिपसुद्धा कधी घेतली न्हाई. तुमच्यापैकी कोनालाच काही माहीत नव्हतं."

गणिताची बाई म्हणून मी सगळं करून पाहिलं. पिंकी हे नाव ढिगाने सापडतं, मान्य. योगायोग, मान्य. बाबांना कुठून तरी बातमी लागली असेल, असंही म्हणून पाहिलं. पण बातमी लागली असती तर ते त्याच रात्री आईला उठवून सांगत सुटले असते. आणि नाव शेवटी नाही, दादाच्या लगेच मागे... नातवंडाचं नाव जिथे यायला हवं, बरोबर तिथे. हे कसं, ते मला आजही सांगता येत नाही. आम्ही एवढे शिकलेले, पण तो क्रम आमच्या कुणाच्याच लक्षात आला नाही. बाबांना मात्र स्वतःच्या नातीचं नाव घ्यायची घरात बंदी झाली.

त्या दुपारी आई म्हणाली, "आज आशीर्वाद मी मागते." त्याआधी तिने कधी मागितला नव्हता. तेव्हापासून तीच मागते. सुरेशला सांभाळ, पिंकीला सांभाळ, विजयाला, अनिलला... अगदी बाबांच्याच क्रमाने. मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत असं आमच्यात शिकवतात, म्हणून बाबांचं नाव ती घेत नाही. सगळी नावं झाल्यावर नुसती थांबते. बराच वेळ थांबते. भात निवतो, पण कुणी काही म्हणत नाही.