ललिताच्या वाट्याची सुकडी

खुटबावहून गाडीनं येणारी धुरपदा दौंडच्या चर्चमध्ये नेहमी दाराशीच बसायची. रेल्वे चाळीतल्या बायकांना वाटे, खेड्यातली बाई, बुजते. कसली बुजते! बोलायला लागली की गाडीचा डबा डोक्यावर घ्यायची. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे पापी माणसांसाठी मेलेल्या प्रभूची आठवण म्हणून एका भाकरीचे तुकडे सगळ्यांनी खायचे, आणि भाकरीचं ताट फिरायच्या आत ही बाई पायात चपला सरकवून बाहेर पडलेली असे.

कारण सांगायचं तर बहात्तरच्या दुष्काळापाशी जावं लागतं. सगळं घर राहू गावच्या वाटेवर दुष्काळी कामाची खडी फोडत होतं. धाकटी जाऊ ललिता तेवढी तापानं अंथरुणाला खिळलेली. कामावर सरकारी सुकडी मिळायची, म्हणजे गूळ घातलेलं भाजकं पीठ. मुकादम भला माणूस, आजारी बाईचा वाटाही तो धुरपदाच्या पदरात घालायचा. धुरपदानं तो आपल्या लेकरांना चारला. एकदा नव्हे, रोज. घरी आल्यावर ललिताला म्हणायची, "आज बी वाटली न्हाई गं."

"असू द्या, आक्का," ललिता म्हणायची.

ललिता गेली. तापानं गेली की भुकेनं, कोण सांगणार? लेकरं मात्र तगली, अंगानं भरली, आणि त्यांच्याकडं बघताना हिला ललिताच दिसायची. चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, दर वेळी बजावायचे, मन तपासल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. हिनं तपासलं होतं, तपासून तपासून जिवाचं पार वाटोळं करून घेतलं होतं. आपण ती भाकरी खाल्ली तर देव आपली लेकरं उचलून नेईल, असं तिनं मनाशी धरलं. मुलखाची वेडी! पण तसं तिला सांगणार कोण? तिनं तोंड उघडलं तर ना.

प्रभुभोजनाची भाकरी मंडळीतल्या बायका पाळीपाळीनं करत. धुरपदा दर वेळी काहीतरी सबब काढी. शेवटी दुष्काळानंतर चार वर्षांनी एका उन्हाळ्यात पाळी तिच्यावर आलीच. शनिवारी संध्याकाळी तिनं पीठ मळायला घेतलं आणि हात चालेनात. दीर पोपट, म्हणजे ललिताचा नवरा, उंबऱ्यावर दोर वळत बसला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "ललिताची सुकडी मी माझ्या पोरांला चारली. वाटली न्हाई म्हून खोटं बोलले."

पोपट तसाच उठून गेला. जेवायला आला नाही. सकाळी गाडीत दुसऱ्या डब्यात बसला.

चर्चमध्ये ताट फिरू लागलं तशी धुरपदा उठली. दारात पोपट उभा होता, हातात भाकरीचा तुकडा घेऊन.

"मला माफ करायला जमत न्हाई, वैनी," तो हळूच म्हणाला. "लई प्रार्थना केली. न्हाई जमलं."

"मग मी कशी खाऊ?"

"मी तरी कसा खाऊ? मनात तुमचा गळा दाबून आलोय मी हितं." त्यानं तुकडा मोडला, अर्धा तिच्यापुढं धरला. "चांगल्या माणसांसाठी कशाला मरल त्यो? घ्या."

तिनं तोंडात घातला. गिळवेना, डोळ्यांना धार लागली. तिचा घास खाली उतरेपर्यंत पोपट तसाच थांबला, आणि मग त्यानं आपला खाल्ला.