बांधावरचं जेवण

सिटी सेंटरच्या ऑफिसात कडुनिंबाच्या मोहराचा वास आला की शहराबाहेरचं, हजीरा वस्तीपलीकडचं आमचं शेत आठवतं. एकदा बाबा मधला बांध मोडून दोन तुकडे एक करणार होते. ट्रॅक्टर सुरू झाला, तशी आई डबा घेऊन बांधावरच्या निंबाखाली बसली.

"ऊठ गं, मेड काढायची आहे," बाबा बांधाकडे बोट दाखवत म्हणाले.

"काढा की. पण उद्यापासून जेवायचं कुठे, तेही सांगा."

बाबांनी उन्हात चहूकडे पाहिलं आणि ट्रॅक्टर बंद केला. तो बांध आजही आहे. मला तेव्हा तो आईचा हट्ट वाटला. आता लोकांच्या शेतांचे आराखडे करताना मी पिकांआधी माणसांच्या टेकण्याची जागा आखते.

त्या दिवशी निंबाखाली जेवताना बाबा एकदम म्हणाले, "अगं, इथून शहरातला किल्ला दिसतो की!"

"मी रोज बघते," म्हणत आईने त्यांना आणखी एक पोळी वाढली.