खालच्या गल्लीतली मावशी

मी पदवीधर झालो तो शाळेतल्या कदम बाईंमुळे. आमचं गाव मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणाकाठी, तरी पिण्याचं पाणी टँकरचं. गावाला नळ मिळावा म्हणून बाई लढतात.

घाटकोपरला मी टेकडीवर राहतो. खालची गल्ली पाणी ओढायला मोटर लावते, तेव्हा आमचा नळ कोरडा पडतो. तिथलीच एक मावशी आपले हंडे भरले की दारं ठोठावत फिरते, “मोटर बंद करा रे! वरच्यांनी काय आंघोळ नाही करायची?”

एकदा तिला गावाबद्दल आणि बाईंच्या मोर्चाबद्दल सांगितलं. पदर खोचत ती म्हणाली, “म्हणजे तुझ्या गावाची खालची गल्ली आम्हीच की रे! मोर्चा कधी आहे?”

मी पत्र पाठवलं, “बाई, मोर्चाला मी येतोय. सोबत इथल्या काही बायका आहेत. शाळेत उतरवाल ना? प्यायचं पाणी त्या इथूनच आणतायत.”