सगळ्याला होय

माणसांचे स्वभाव मोजायचे, हा माझा धंदा. अंधेरीच्या ऑफिसात बसून आम्ही प्रश्नावल्या तयार करतो आणि कंपन्या त्या नोकरीला येणाऱ्यांकडून भरून घेतात. नातेवाइकांना अजूनही वाटतं, मी वेड्यांची डॉक्टर आहे. लग्नात कुणी शेजारी बसलं की ठरलेला प्रश्न, "सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?" काय चालणार डोंबल! पंगत कधी बसते, हेच.

बोरीवलीला आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहते. मालवणकडची, जिवाला जीव देणारी, पण हट्टी म्हणजे हट्टी. तिच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका जुळली, मुलगा बँकेत, साखरपुडा तोंडावर आलेला. एका रविवारी ही मुलीला घेऊन वर आली.

"गो, तुझा तां स्वभाव मोजूचा यंत्र काड. पोरगी सासरी रमतली काय नाय, तां बघ."

"मी काय कुडमुड्या जोशी आहे?" मी भडकलेच. "आणि यंत्र नसतं, कागद असतो."

"मगे कागद काड!"

असलं काही कागदावरून कळत नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. पण मुलगीच म्हणाली, "असू दे ना काकू, भरते मी." मग मी अट घातली, की जे निघेल ते आधी मुलीला सांगणार, तिने हो म्हटलं तरच आईला. मैत्रीण कबूल झाली आणि कुकर लावायला खाली गेली. मुलीने टेबलाशी बसून भराभर खुणा केल्या.

आमच्या कागदात एकमेकांना छेद देणारी वाक्यं मुद्दाम पेरलेली असतात. 'मला माणसांच्या गराड्यात बरं वाटतं.' तिचं उत्तर, होय. जरा खाली, 'गर्दी दिसली की पळून जावंसं वाटतं.' तेही होय. 'मी पटकन चिडते,' होय. 'मला राग येतच नाही,' होय. शेवटच्या ओळीपर्यंत नुसतं होय. असा कागद आम्ही बाजूला काढतो, कारण त्यातून स्वभाव कळत नाही, समोरच्याला नाराज करायची भीती तेवढी कळते. ऑफिसात मी तो दुसऱ्या क्षणाला फेकला असता. पण या पोरीला मी फ्रॉकमध्ये पाहिलेली. ही अशीच मान हलवत बोहल्यावर जाऊन उभी राहील, असं मला स्पष्ट दिसलं.

"हे काय गं?" मी कागद तिच्यापुढे केला.

तिने आपल्याच खुणांवरून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाली, "काकू, हा आईला दाखवाल?"

मैत्रीण वर आली ती हात पुसतच. "काय झाला? नापास?"

"पास-नापास नसतं यात. हे बघ. प्रत्येक प्रश्नाला होय. उलटसुलट दोन्हीला होय. आता मला सांग, लग्नाचं विचारलंस तेव्हा ही काय म्हणाली होती?"

तिने कागद वाचला. पुन्हा वरून वाचला. मग मुलीसमोर खुर्ची ओढून बसली.

"तुका काय व्हया?"

मुलीने माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे बघ. माका काय आवडात तां नको सांगू. तुका काय व्हया?"

"हे लग्न नको," मुलगी म्हणाली आणि रडायलाच लागली.

"अगो, मगे आधी बोललंस कित्याक नाय?"

"तू विचारलंस कधी? बिल्डिंगभर पेढे वाटून आलीस आणि मग म्हणालीस, आवडला ना?"

मैत्रिणीचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हिचा आवाज चढणार. लोक काय म्हणतील, हॉलचे पैसे, सगळं निघणार. मी मध्ये पडायच्या तयारीतच होते. पण ती उठली, खिडकीशी गेली आणि मुलाच्या घरी फोन लावला. फोनवर ती नेहमी जपून, शुद्ध बोलते.

"नमस्कार. हे लग्न होणार नाही. नाही, नाही, तब्येत ठीक आहे तिची. दुसरीकडे कुठे काही नाही हो. पत्रिकेचंही काही नाही." पलीकडून बराच वेळ कुणी बोलत राहिलं. तिने डोळ्याला पदर लावला, पण आवाज हलू दिला नाही. "कारण विचारताय ना? तिला नको आहे. हेच कारण."